मिनामाताचं संग्रहालय आणि केसांतल्या पाऱ्याची तपासणी : रसायनशास्त्राच्या बाईंचा अभिप्राय

आधी अभिप्राय सांगते, कारणं मागाहून. जपानात क्यूशू बेटावर कुणाचं जाणं होणार असेल आणि हाताशी एक मोकळा दिवस असेल, तर तो मिनामाताला द्यावा. कारखान्याच्या सांडपाण्यातल्या पाऱ्याने खाडीतले मासे विषारी झाले आणि ते खाणाऱ्यांना मेंदूविकार जडला, तो ‘मिनामाता रोग’ याच गावातला. तिथे समुद्राकाठच्या टेकडीवर तीन संस्था शेजारी शेजारी आहेत : महापालिकेचं मिनामाता रोग संग्रहालय, राष्ट्रीय मिनामाता रोग संस्थेचं माहिती केंद्र आणि कुमामोतो प्रांताचं पर्यावरण केंद्र. पहिल्या दोन अगदी सावकाश पाहायच्या. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. माहिती केंद्रात पाहुण्यांच्या केसांतला पाराही मोजून देतात. आम्ही तो मोजून घेतला, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांनी तर जावंच जावं. ‘कारखान्याने पारा सोडला आणि समुद्रातल्या जिवाणूंनी त्याचं विष केलं’ अशी मिनामाताची गोष्ट आपल्याकडे सर्रास सांगितली जाते. तीत दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. तिथे दिवसभर फिरलं की त्या दोन्ही सुट्या होतात, आणि दोन्ही किती महत्त्वाच्या आहेत तेही कळतं.

मी रत्नागिरीत कनिष्ठ महाविद्यालयात आणि नंतर बीएस्सीला रसायनशास्त्र शिकवलं. लेक-जावई कुमामोतोजवळ राहतात, जावई सेमीकंडक्टरच्या कामात आहे. लेकीला दिवस गेलेत, म्हणून मी गेले होते. तिचा आहार बघायला गेलेली आई आणि पारा हे दोन विषय एकत्र आले ते असे.

कुमामोतोहून शिनकान्सेनने शिन-मिनामाता अर्ध्या तासाच्या आत येतं. पण शक्य असेल तर गावातलं जुनं मिनामाता स्थानकही बघा. स्थानकाच्या दारातून बाहेर आलं की समोरच कारखान्याचं फाटक. तेव्हा तो चिस्सो कंपनीचा होता, २०११पासून कारभार जेएनसी या नावाने चालतो. गाव आणि कारखाना एकमेकांना किती चिकटून वाढले, हे सांगायला वेगळ्या फलकाची गरज उरत नाही.

आता संग्रहालय. ते १९९३ साली सुरू झालं. फोटो, नकाशे, कालपट, चित्रफिती असं सगळं आहे, आणि मुख्य मजकूर इंग्रजीतही असल्यामुळे आपली अडचण होत नाही. मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती कारखान्याच्या प्रक्रियेपाशी. अकरावीच्या हायड्रोकार्बनच्या धड्यात एक अभिक्रिया आहे : ॲसिटिलिन वायू ४० टक्के सल्फ्युरिक आम्ल आणि १ टक्का मर्क्युरिक सल्फेट यांच्या द्रावणातून सोडायचा, पाण्याचा रेणू जोडला जातो आणि ॲसिटाल्डिहाइड तयार होतं. परीक्षेत हमखास येणारी. आयुष्यभर मी ती फळ्यावर लिहिली, बाणावर उत्प्रेरक लिहायला विसरलेल्या मुलांचे गुण कापले. मिनामाताच्या कारखान्यात १९३२पासून १९६८च्या मेपर्यंत हीच अभिक्रिया चालली. आपण फळ्यावर उत्प्रेरक बाणाच्या डोक्यावर लिहितो आणि तो जसाच्या तसा परत मिळतो असं सांगतो. प्रत्यक्ष टाकीत त्यातल्या थोड्या पाऱ्याला मिथिल गट (एक कार्बन आणि तीन हायड्रोजन) चिकटत होता. म्हणजे मिथिल मर्क्युरी तयार झाली ती टाकीतच, आणि सांडपाण्यातून तयार मालासारखी बाहेर पडली. १९५१ साली सहउत्प्रेरक बदलला, मँगनीज डायऑक्साइडच्या जागी लोहाचं संयुग आलं, आणि हे उपउत्पादन वाढलं. त्यानंतर काही वर्षांतच मांजरं झोकांड्या खाऊ लागली, कावळे आकाशातून पडू लागले.

तेव्हा पहिली गोष्ट ही. मिनामाताच्या माणसांना ज्या विषाने ग्रासलं, त्यातलं बहुतेक निसर्गाने बनवलेलं नव्हतं. खाडीच्या गाळातही काही प्रमाणात मिथिलीकरण होत असणारच, पण मुख्य साठा कारखान्याच्या नळीतून आला. हा फरक सांगण्यामागे माझा हट्ट आहे. ‘निसर्गात रूपांतर झालं’ असं म्हटलं की दोष आपोआप जिवाणूंवर जातो.

१ मे १९५६ ही रोगाच्या अधिकृत नोंदीची तारीख. कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. होसोकावा हाजिमे यांनी अनोळखी मेंदूविकाराचे रुग्ण आल्याचं आरोग्य केंद्राला कळवलं, ती ही तारीख. १९५९च्या जुलैत कुमामोतो विद्यापीठाच्या गटाने कारण सेंद्रिय पारा, म्हणजे कार्बनशी जोडलेला पारा, असल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी होसोकावांनी ॲसिटाल्डिहाइड विभागाचं सांडपाणी मांजरांच्या खाण्यात मिसळून पाहिलं, आणि ४०० क्रमांकाच्या मांजरात ऑक्टोबरमध्ये तीच लक्षणं उमटली. कंपनीने ते बाहेर येऊ दिलं नाही. डिसेंबरात सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र मोठ्या समारंभाने बसलं, पण विरघळलेली मिथिल मर्क्युरी काढण्यासाठी ते बनवलेलंच नव्हतं. इरुकायामा कात्सुरो यांनी कारखान्याच्या गाळातूनच मिथिल मर्क्युरी वेगळी करून दाखवली, ते १९६३ साली जाहीर झालं. सरकारने कारण मान्य केलं २६ सप्टेंबर १९६८ला, कारखान्याने ती प्रक्रिया थांबवल्यावर चार महिन्यांनी. मधल्या काळात, १९६५ साली, निइगाता प्रांतात आगानो नदीकाठी दुसऱ्या एका कंपनीच्या तशाच कारखान्यामुळे तोच रोग पुन्हा उद्भवला होता. या तारखा एकाखाली एक वाचताना माझा हात लेकीच्या खांद्यावर होता, आणि तो काढावासा वाटेना.

संग्रहालयात रुग्णांच्या आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या तोंडून अनुभव ऐकण्याची सोय आहे, आधी कळवून वेळ ठरवावी लागते. ही सोय चुकवू नका. मच्छीमार घरातल्या एक वयस्कर बाई आमच्यापुढे बोलल्या, लेक हळू आवाजात मला मराठीत सांगत होती. रोग संसर्गाचा आहे असं समजून लोकांनी त्या घरांना वाळीत टाकलं होतं, दुकानदार त्यांच्या हातून पैसे हाताने घेत नसत. मला आपल्याकडची देवीच्या आणि कुष्ठरोगाच्या काळातली घरं आठवली. प्रश्न विचारायला वेळ देतात, आणि कुठलाही प्रश्न टाळत नाहीत. मान्यता मिळालेले रुग्ण कुमामोतो आणि कागोशिमा मिळून २२००हून थोडे अधिक आहेत. पण मान्यता नाकारलेल्यांची आणि नंतर वेगळ्या योजनांखाली मदत मिळालेल्यांची संख्या त्याच्या कितीतरी पट आहे. तो लढा अजून संपलेला नाही, हे बोलण्यातून सतत जाणवतं.

बाहेर आल्यावर जावयाने अगदी नेमका प्रश्न विचारला. “आई, इथे कारखान्याने मिथिल मर्क्युरी सोडली हे कळलं. पण मग भर समुद्रातल्या ट्यूनामध्ये ती कुठून येते? तिथे कोण ॲसिटाल्डिहाइड बनवतंय?”

दुसरी गोष्ट इथे सुरू होते, आणि तिच्यासाठी शेजारच्या माहिती केंद्रात जायचं. २००१पासूनचं हे केंद्र संशोधन संस्थेचं असल्यामुळे इथला भर पारा, शरीर आणि जग यांवर आहे. खुर्च्यांवर बसून आमची बरीच चर्चा झाली. ती थोडी विस्ताराने मांडते, कारण ही इमारत नीट समजायला ती हवीच.

प्रात्यक्षिकात किपच्या उपकरणातून हायड्रोजन सल्फाइड मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात सोडला, की साका आधी पांढरट येतो, मग पिवळसर, मग तपकिरी, आणि शेवटी काळाकुट्ट होऊन तळाशी बसतो. पाऱ्याला गंधकाची किती ओढ आहे ते त्या एका परीक्षानळीत दिसतं. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं खनिज तरी काय, मर्क्युरिक सल्फाइडच. पाऱ्याचा निसर्गातला जवळपास सगळा प्रवास या ओढीवर ठरतो.

कोळसा जळतो, लहान खाणींत सोनं काढायला पारा वापरून तो तापवून उडवतात (आज जगभरात माणसामुळे हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सगळ्यात मोठा वाटा हाच), ज्वालामुखी फुटतात. यातून बाहेर पडणारा बराचसा पारा मूलद्रव्याच्या रूपात, वाफ होऊन हवेत जातो. ही वाफ पाण्यात फारशी विरघळत नाही, म्हणून पावसाने लगेच खाली येत नाही. काही महिने ते वर्षभर ती हवेत राहते आणि पृथ्वीभर पसरते. हळूहळू तिचं ऑक्सिडीकरण होतं, विशेषतः ब्रोमीनमुळे, आणि द्विसंयुजी पारा (दोन इलेक्ट्रॉन गमावलेला) तयार होतो. तो विरघळतो आणि पावसाबरोबर किंवा धुळीबरोबर खाली उतरतो. १९९५ साली कॅनडाच्या अगदी उत्तरेच्या अलर्ट या ठिकाणी शास्त्रज्ञांना दिसलं, की ध्रुवीय वसंतात सूर्य उगवू लागला की हवेतला पारा अचानक नाहीसा होतो. समुद्री बर्फावरच्या क्षारांतून सुटलेला ब्रोमीन त्याला काही तासांत बदलून बर्फावर उतरवतो. जंगलांची तर वेगळीच वाट आहे. झाडं पानांच्या छिद्रांतून पाऱ्याची वाफ थेट आत घेतात, आणि पानगळीबरोबर ती जमिनीत जाते.

खाली उतरलेला पारा तिथेच बसून राहतो असंही नाही. पाण्यावर ऊन पडलं की त्यातला काही पुन्हा मूलद्रव्य होऊन वाफेच्या रूपाने उडतो. मातीतल्या काही जिवाणूंकडे पाऱ्याला मूलद्रव्यात बदलणारं विकर असतं, तेही त्याला हवेत सोडून देतात. अशा उड्या मारत मारत पारा जिथे प्राणवायू नाही तिथे पोचला, तळ्याच्या तळाशी, दलदलीत, खाडीच्या काळ्या चिखलात, की खरा बदल होतो.

हे कळलं ते जपानात नव्हे, स्वीडनमध्ये. तिथले कागद कारखाने आणि इतर उद्योग असेंद्रिय पारा आणि फिनाइल पारा सोडत होते. गुनेल वेस्तॉ यांनी १९६६ साली माशांतला पारा तपासला, तर तो जवळजवळ सगळा मिथिल मर्क्युरीच्या रूपात! तो त्या रूपात तर कुणी सोडलाच नव्हता. १९६९ साली येन्सेन आणि येर्नेलॉव यांनी मत्स्यपेटीच्या तळाचा गाळ घेतला, त्यात मर्क्युरिक क्लोराइड घातलं आणि मिथिल मर्क्युरी तयार होताना दाखवली. गाळ निर्जंतुक केला की ती होत नाही. १९८५ साली कळलं की हे काम मुख्यतः सल्फेटवर जगणारे जिवाणू करतात. पुढे लोहावर जगणारे आणि मिथेन बनवणारे काही सूक्ष्मजीवही सापडले. आणि २०१३ साली अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या गटाने त्यामागची दोन जनुकं शोधली, एचजीसीए आणि एचजीसीबी. ही जोडी ज्या सूक्ष्मजीवात असते तोच पाऱ्याला मिथिल गट लावू शकतो. जोडीतलं एक काढलं तरी काम बंद.

यात मला सगळ्यात सुंदर वाटतो तो गंधकाचा दुहेरी खेळ. सल्फेट थोडं असेल तर ते जिवाणू जोमाने वाढतात आणि मिथिलीकरण वाढतं. पण त्यांच्याच श्वसनातून सल्फाइड तयार होतं. ते फार साठलं की पारा काळ्या सल्फाइडमध्ये अडकतो आणि जिवाणूंच्या हाती लागत नाही. माझ्या परीक्षानळीतला तो काळा साका म्हणजे चिखलातला एक प्रकारचा कुलूपबंद पारा. म्हणून एखाद्या गाळात एकूण पारा किती आहे एवढ्यावरून मासे किती दूषित होतील हे सांगता येत नाही. थोड्या पाऱ्याची दलदल जास्त पारा असलेल्या सल्फाइडच्या गाळापेक्षा घातक ठरू शकते. कॅनडात क्वेबेकमध्ये धरणं बांधून जंगलं बुडवली, तेव्हा नवा पारा कुणीही टाकला नव्हता. बुडालेला पालापाचोळा कुजला, प्राणवायू संपला, आणि जलाशयातल्या माशांतली मिथिल मर्क्युरी कित्येक पटींनी वाढून वर्षानुवर्षं तशी राहिली.

खुल्या समुद्राचंही असंच. वरून खाली पडणारे सेंद्रिय कण काही शे मीटर खोलीवर कुजतात, तिथे प्राणवायू कमी होतो, मिथिल मर्क्युरी तयार होते. वरच्या थरात ऊन तिला मोडतं, म्हणून वर ती कमी. खोल सूर मारून शिकार करणाऱ्या मेबाची, म्हणजे मोठ्या डोळ्यांच्या, ट्यूनात ती जास्त सापडते, त्याचं एक कारण हे. जावयाला उत्तर मिळालं. ट्यूनासाठी कारखाना लागत नाही. साऱ्या जगातून उडालेला पारा, काळोख आणि ते दोन जनुकं असलेले सूक्ष्मजीव पुरेसे होतात. पाण्यातून प्लवकांत, प्लवकांतून बारीक माशांत, मग मोठ्यांत, असं जात मोठ्या शिकारी माशात तिचं प्रमाण पाण्याच्या दहा लाख पटींपर्यंत जातं.

आता केसांची तपासणी. काउंटरवर एक अर्ज मिळतो : वय, कुठले मासे किती वेळा खाता, केस रंगवता का, कुरळे किंवा सरळ करून घेतलेत का. शेवटचा प्रश्न बघून मला फार बरं वाटलं. केस कुरळे करायच्या द्रावणात थायोग्लायकॉलिक आम्ल असतं. ते केसांतले गंधकाचे दुवे तोडतं, आणि जाता जाता गंधकाला चिकटलेला पाराही घेऊन जातं. अशा केसांचा अंक खोटाच कमी येतो. केस मुळाजवळून कापतात, थोडेसेच, बाहेरून कळतही नाही. काम करणाऱ्या बाईंनी लेकीच्या मानेमागचे केस उचलून धरले, छोट्या कात्रीने कापले, मुळाकडचं टोक कुठलं ते ध्यानात ठेवून पाकिटात घातले.

मुळाकडचं टोक महत्त्वाचं, कारण केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. त्या वेळी रक्तात असलेली मिथिल मर्क्युरी केसाच्या प्रथिनातल्या गंधकाला चिकटून कायमची नोंदली जाते, बँकेच्या पासबुकात नोंद व्हावी तशी. केसातलं प्रमाण रक्ताच्या साधारण २५० पट असतं, म्हणून मोजायलाही सोपं. मोजण्याची रीत सोनाराला पटेल अशी आहे. नमुना प्राणवायूत जाळायचा, निघालेली पाऱ्याची वाफ सोन्यावरून न्यायची, सोनं ती धरून ठेवतं, मग सोनं तापवून पारा एकदम सोडायचा आणि २५३.७ नॅनोमीटरच्या प्रकाशात तो किती प्रकाश शोषतो ते बघायचं. थर्मामीटर फुटल्यावर ज्यांच्या हातातली अंगठी पांढरी पडली असेल, त्यांना सोन्याची ही सवय ठाऊक आहे.

निकाल नंतर पत्राने घरी येतो, सोबत तो कसा वाचायचा ते समजावलेलं असतं. प्रौढांत लक्षणं दिसू लागण्याची शक्यता साधारण ५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५० भाग) पुढे धरतात. गर्भाच्या बाबतीत मात्र सावधगिरीची रेषा कितीतरी खाली आहे. मिनामातातल्या रुग्णांमध्ये ७०५ पीपीएमपर्यंत मोजलं गेलं होतं. मिथिल मर्क्युरी सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटली की मेथिओनीनसारखी दिसते. शरीर तिला अन्न समजून दार उघडतं, मेंदूचंही आणि वारेचंही. वार विषाला अडवते असं तेव्हाचं वैद्यक मानत होतं. मिनामातातल्या मुलांमुळे ते मत बदललं, आणि १९६२ साली जन्मजात रोगाला मान्यता मिळाली. जपानात बाळाची नाळ वाळवून जपून ठेवायची पद्धत आहे. पुढे अशा जपलेल्या नाळांतली मिथिल मर्क्युरी मोजून कोणत्या वर्षी खाडीत किती विष होतं याचा अंदाज बांधता आला.

शेवटी खाडीकाठचं इको पार्क. जिथे गाळ सगळ्यात वाईट होता तो खाडीचा भाग लोखंडी पत्र्यांच्या भिंती घालून अलग केला, बाकी ठिकाणचा २५ पीपीएमहून जास्त पाऱ्याचा गाळ उपसून त्यात ओतला आणि वर माती टाकली. १९७७ ते १९९० हे काम चाललं, सुमारे ४८५० कोटी येन खर्च आला, ५८ हेक्टर जमीन तयार झाली. दूषित मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून खाडीच्या तोंडाशी लावलेलं जाळं १९७४पासून होतं, ते १९९७ साली काढलं. हिरवळीवर चालताना पायाखालचा पारा कुठेही गेलेला नाही, हे लेकीला सांगितलं तेव्हा ती थबकली. तो तिथेच आहे, बहुतेक काळ्या सल्फाइडच्या रूपात. प्राणवायू आत शिरत नाही आणि भिंती टिकतात तोवर तो तसाच राहील. लोखंड मात्र गंजतं आणि कुमामोतोला भूकंप होतात, म्हणून प्रांत सरकार भिंतींची आणि पाण्याची तपासणी करत असतं. काठाला रुग्णांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी स्वतः कोरलेल्या लहान दगडी मूर्ती आहेत. त्यांच्यापाशी थांबायला वेळ ठेवा.

एक सावधगिरी. मराठी मंडळींना घेऊन जाणाऱ्या एका पर्यटन कंपनीच्या कार्यक्रमात मिनामाता आहे, पण जेवणासकट जेमतेम तास-दीड तास. एवढ्या वेळात पहिल्या इमारतीतलं अर्धंही होत नाही. स्वतंत्र जा. सोमवारी संग्रहालय बंद असतं.

आपल्याकडच्या वाचकांना हे दूरचं वाटू नये. उल्हास नदीच्या खाडीत कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यांमुळे साठलेल्या पाऱ्याचा अभ्यास राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मुंबईतल्या शास्त्रज्ञांनी केलेला आहे. कांदळवनाचा चिखल प्राणवायूविना काळा असतो, हे कोकणात शेंबडं पोरही सांगेल. आणि भातशेती! पाण्याने भरलेल्या खाचरात प्राणवायू संपतो, तिथेही मिथिलीकरण होतं. चीनच्या ग्वेजो प्रांतात पाऱ्याच्या जुन्या खाणींच्या परिसरात लोकांच्या पोटात मिथिल मर्क्युरी जाते ती माशांतून कमी आणि भातातून जास्त, असं आढळलंय. मिनामाताचं नाव दिलेला आंतरराष्ट्रीय करार १० ऑक्टोबर २०१३ला कुमामोतोतच झाला, १६ ऑगस्ट २०१७पासून लागू आहे, आणि २०१८ साली भारतानेही तो मंजूर केला. आपल्या खाड्यांच्या काठी राहणाऱ्या बायकांसाठी केसांची अशी सोपी तपासणी, फलक आणि समजावून सांगणारी माणसं यांसकट, कुठेतरी एका ठिकाणी सुरू व्हावी असं मला मनापासून वाटतं. यंत्र एका टेबलावर मावतं.

मासे सोडा असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. जपान सरकार गरोदर बायकांना मासे खायलाच सांगतं. फक्त तलवार मासा, मोठा निळ्या परांचा ट्यूना, मेबाची अशा मोठ्या शिकारी माशांचा ८० ग्रॅमचा तुकडा आठवड्यातून एकदाच, अशी मर्यादा घालून देतं. बांगडा, तारली, सामन यांना अशी अट नाही. आपल्याकडे मुशी मोठ्या शिकाऱ्यांत धरावी आणि गरोदरपणात टाळावी. आणि चिंच, कोकम लावून किंवा जास्त शिजवून मिथिल मर्क्युरी जात नाही, ती मांसाच्या प्रथिनातल्या गंधकाला धरून बसलेली असते. शरीरातून मात्र ती हळूहळू जाते, साधारण ५० ते ७० दिवसांत निम्मी होते.

आमची पत्रं आली. माझा अंक १च्या जरा खाली, लेकीचा १.९ पीपीएम. जपानी बायकांची सरासरी दीडच्या आसपास असते, म्हणजे काळजीचं काही नाही असं तिच्या डॉक्टरांनीही सांगितलं. मेबाचीचं साशिमी तिने बाळंतपणापर्यंत बंद ठेवलंय. साबा, म्हणजे तिथला बांगडा, चालू आहे. त्याचं तिखलं करायला लागणारी तिरफळं मी रत्नागिरीहून नेली होतीच.